सुईणबाईंची फुंकर

"मेलेल्या कोकरांना हात लावला होता का?"

विचारणारी बाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असेल. मांडीवर लाकडी फळी, फळीवर छापील कागद आणि नाकातोंडावर घट्ट बांधलेली पट्टी. इस्पितळाच्या बोळात आम्ही दोघी समोरासमोरच्या बाकांवर बसलो होतो. बाजूच्या बंद दाराला वर काच होती. तिच्यातून मला ह्यांची खाट दिसत होती आणि खाटेबाहेर आलेले पाय. सहा फुटी माणूस, कुठल्याच खाटेत मावत नाही.

"हात कसला," मी म्हटलं, "तोंड लावलं होतं."

बाईंचं पेन थांबलं. "म्हणजे?"

"म्हणजे तोंड. कोकरू जन्मलं आणि श्वास घेईना की त्याचं नाकतोंड आपल्या तोंडात धरायचं आणि फुंकायचं. तीस वर्षं हेच करतात ते."

"पण या आठवड्यात जी मेलेलीच जन्मली, त्यांनाही?"

"मेलंय का जिवंत आहे, ते फुंकल्याशिवाय कळणार कसं?"

मला वाटलं बाई हसतील. ह्यांच्या फुंकण्याची गोष्ट ऐकून नवीन माणूस हसतोच. त्या हसल्या नाहीत. कागदावर त्या प्रश्नापुढे हो आणि नाही असे दोनच चौकोन होते, तिकडे त्या बघत राहिल्या.

"अशी किती?"

"एक्केचाळीस." हे रोज घरी येऊन आकडा सांगायचे, त्यामुळे मला पाठ होता.

बाई उठल्या. फळी तशीच बाकावर टाकून बोळातून चालत गेल्या, आणि वळणावर पोहोचेपर्यंत त्यांचं चालणं पळणं झालं होतं. तोवर मी ताप म्हणजे ताप समजत होते. माणसाला ताप येतो, उतरतो. इस्पितळातली शिकलेली बाई आपल्या नवऱ्याचं काम ऐकून पळत सुटली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

आमच्या ह्यांना मेंढ्यांच्या फार्मवर सगळे सुईणबाई म्हणत. ओठांवर उतरणाऱ्या मिशा, दारातून वाकून यावं लागेल अशी उंची, आणि नाव सुईणबाई. कुणीतरी चिडवायला म्हणून ठेवलं असेल. पण चिडवलेलं नाव माणसाला आवडलं की चिडवणाऱ्याची मजाच जाते. हे तर त्या नावाला ओ देत. साहेब कचेरीतून ओरडायचे, "सुईणबाईंना बोलवा रे," आणि हे मिशा पुसत हजर.

नाव खोटं नव्हतं. अंग पैलवानाचं असलं तरी हात बाईचे होते. निमुळते, लांब बोटांचे. मेंढी अडली की सगळे ह्यांच्याकडे धावत. हे शेडमध्ये गुडघे टेकून बसायचे, हात धुवायचे, तेल लावायचे आणि डोळे मिटायचे. डोळे मिटल्याशिवाय ह्यांना आतलं दिसायचं नाही म्हणे. आतला हात हळूहळू फिरायचा आणि तोंडाने मेंढीशी गप्पा चालायच्या, "थांब गं बाई, तुझंच काम करतोय, लाथ कसली मारतेस." माझ्याशी इतक्या गोडीने बोललेलं मला तरी आठवत नाही.

आणि मग ती फुंकर. कोकरू बाहेर आलं आणि निपचित पडलं, तर हे बोटाने त्याच्या तोंडातला चिकटा काढायचे, नाकतोंड आपल्या ओठांत धरायचे आणि गाल फुगवून हलकेच फुंकायचे. जोरात नाही. "ह्याची फुप्फुसं केवढी, मुठीएवढी. दिव्यावर फुंकतो तसं फुंकलं तर फुटायची." तीन फुंकरा, एक थांबा. पुन्हा तीन. कोकरू शिंकलं की हे मिशा चिकट झालेल्या तोंडाने हसायचे. तसेच घरी यायचे. मी म्हणायचे, आधी तोंड धुवा, मग चहा. हे म्हणायचे, "ह्या तोंडानं आज दोघांना जगात आणलंय, जरा मान ठेव."

त्याच फार्मवर मी लोकर धुण्याच्या हौदावर होते. कोमट पाणी, त्यात सोडा, आणि दिवसभर हात त्यात. संध्याकाळी बोटांच्या पेरांना भेगा पडून त्यांतून रक्त यायचं. घरी भांडी घासताना मी दात ओठांवर दाबून धरायचे. हे बघायचे, बोलायचे काही नाही. बोलून दाखवण्याच्या बाबतीत आमच्याकडे पहिल्यापासून दुष्काळच.

गोष्ट घडायच्या दोन महिने आधी फार्मवर वरच्या कचेरीतून एक पत्र आलं. त्याबरोबर रबरी हातमोज्यांचा एक खोका. साहेबांनी सगळ्यांना जेवणाच्या सुट्टीत बसवलं आणि एका पाहुण्याने पडद्यावर चित्रं दाखवली. डास, मेंढी, माणूस आणि त्यांच्यामध्ये बाण. पलीकडच्या भागात पूर येऊन गेल्यावर मेंढ्यांमध्ये कसलातरी ताप पसरतोय, मेंढ्या गाभ टाकतात, त्यांचं रक्त-पाणी माणसाच्या अंगाला लागलं तर माणसालाही होतो. हातमोजे वापरा. प्रत्येकी एक जोड. इथे सही करा. पाऊण तासात सगळं उरकलं. सुट्टी संपली होती, बऱ्याच जणांचं जेवण राहिलं होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

ह्यांनी ते हातमोजे एकदा घातले. अडलेल्या मेंढीत हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "हातमोजा घातला की हात आंधळा होतो," असं घरी येऊन सांगितलं. पुढचा पाय का मागचा हेच कळेना म्हणे. आणि मग डब्याच्या पिशवीतून तो जोड काढून माझ्यासमोर धरला. कोपरापर्यंत येणारे, जाड, नारिंगी.

"घे. तुझ्या भेगांना होतील."

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. या माणसाने आपल्या मनाने माझ्यासाठी आणलेल्या वस्तू मोजायला एका हाताची बोटं पुरतील. मी घेतले. खरं सांगायचं तर मी हरखले होते. हौदावर मिरवले, घरी भांड्यांना वापरले, नळाच्या खुंटीवर वाळत टाकले. तीन आठवड्यांत माझे हात बरे झाले. बरे म्हणजे मुलीच्या हातांसारखे मऊ. शेजारणींनी विचारलं, काय लावतेस म्हणून.

मग तो आठवडा आला. सोमवारी पाच मेंढ्या गाभडल्या. हे म्हणाले, चाऱ्यात काही बुरशी असेल. मंगळवारी अकरा. बुधवारी हे डबा घरीच विसरले, म्हणून मी हौदावरून उठून तो शेडमध्ये द्यायला गेले आणि दारातच थबकले.

शेडमध्ये एवढी मेंढरं असून आवाज नव्हता. जमिनीवर गोणपाटं अंथरली होती आणि त्यांवर ओळीने कोकरं. पूर्ण वाढ झालेली, खूर आलेले, ओली लोकर अंगाला चिकटलेली. झोपली आहेत म्हणावं इतकी नीटनेटकी. तीन-चार मेंढ्या वाकून आपापलं कोकरू चाटत होत्या, त्याला उठवत होत्या. आणि आमचे हे त्या ओळीतून गुडघ्यांवर सरकत होते. एक उचलायचे, तोंड लावायचे, तीन फुंकरा, थांबायचे, पुन्हा तीन. मग ते खाली ठेवून पुढचं उचलायचे. हनुवटीवरून पाणी आणि रक्त ओघळत होतं.

"अहो," मी म्हटलं, "पुरे आता. गेलीत ती."

"एखादं असेल," हे म्हणाले. वर बघितलंही नाही.

शेडच्या कोपऱ्यात पैलवान उभा होता. हा ह्यांचा जोडीदार, खरोखरचा आखाड्यातला, फार्मवरचं उचलायचं काम त्याच्याकडे. दिवसभर त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू असायचा. ह्यांना सुईणबाई हे नाव त्यानेच ठेवलं असावं असा माझा संशय. त्या दिवशी तो गप्प उभा होता. हातात टोपलं, टोपल्यात कोकरं, खड्ड्यात नेऊन टाकायची. त्याच्या हातांत नारिंगी हातमोजे होते. उजव्याच्या अंगठ्यापाशी भलीमोठी फट आणि तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली.

"फाटला?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी, वहिनी. दुसरा मागितला तर साहेब म्हणाले, एकाला एकच जोड. म्हटलं माझे दोन अंगठे आहेत, एकाला तरी द्या." विनोद त्याने सवयीने केला होता. हसलं कुणीच नाही, तोसुद्धा.

मी डबा ठेवला आणि परत आले. परत येऊन तेच नारिंगी हातमोजे घातले आणि हौदात हात घातले. त्या वेळी मला काही म्हणजे काही सुचलं नाही. अक्कल गहाण पडली होती म्हणा. पण खरं म्हणजे तीस वर्षं ज्यात आपण वावरलो ते अंगावर उलटेल, असं मनात येतच नाही कुणाच्या.

शनिवारी ह्यांना आणि पैलवानाला, दोघांनाही ताप भरला. सोमवारी मी त्या बाकावर बसून प्रश्नांची उत्तरं देत होते.

मंगळवारी सकाळी पैलवान गेला.

आदल्या संध्याकाळपर्यंत तो बोलत होता. दोघांच्या खाटा शेजारी होत्या. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, तर बायकोला म्हणाला, "दात जोरात घासले गेले बघ." तीही म्हणाली, "तुमचं सगळंच जोरात." सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा खाट रिकामी होती आणि दोन माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाकलेली, गादीवर कसलंतरी औषध फवारत होती. ती चहा हातात धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वहिनी, यांना दुसऱ्या खोलीत हलवलंय का?" तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. चहाचा पेला तिने खाली ठेवला, सांडू न देता, आणि मग खाली बसली. पन्नास किलोची गोणी एका हाताने चढवणारा माणूस. तीन दिवसांत.

बुधवारी त्या प्रश्नवाल्या बाई पुन्हा आल्या. या वेळी हातात फार्मवरून आणलेलं रजिस्टर होतं.

"तुमच्या मिस्टरांना हातमोजे मिळाले होते," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, कोडं पडल्यासारखा होता. "ही सही त्यांचीच ना?"

सही ह्यांचीच होती. शाळेतल्या मुलासारखी, अक्षर न् अक्षर सुटं.

"मग वापरले का नाहीत? काही कल्पना आहे तुम्हाला?"

बाई उत्तराची वाट बघत होत्या. मी पदराखाली हात घेतले. मऊ, बरे झालेले हात.

"नाही," मी म्हटलं, "मला काय माहीत."

घरी गेले. नळाच्या खुंटीवर ते दोन्ही हातमोजे बोटं खाली करून वाळत होते. मी आत गेले नाही. उंबऱ्यातच बसले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. रडू येईल असं वाटत होतं, तेही येईना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की मी ते आनंदाने घेतले होते. एकदाही म्हटलं नाही, अहो, तुम्हाला दिलेत ना, तुम्ही वापरा.

दुसऱ्या दिवशी मीच त्या बाईंना शोधत गेले. हातमोजे कागदात गुंडाळून नेले होते. बाईंच्या टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. भेगा, सोडा, भांडी, सगळं. म्हटलं, लिहा काय लिहायचं ते. बाईंनी पेन उघडलं, थोडा वेळ धरलं आणि बंद करून ठेवलं. मग माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "धुण्याच्या हौदावर मोजे देत नाहीत का?"

"आम्ही रोजावर, बाई. आमचं नाव रजिस्टरात नसतं."

त्यांनी लिहिलं ते बहुतेक हेच.

ह्यांचा ताप नवव्या दिवशी उतरला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. त्या तापाचं नाव लांबलचक होतं, कुठल्याशा दूरच्या दरीवरून ठेवलेलं. आम्ही त्याला नुसतं 'ते' म्हणायचो. ह्यांना पैलवानाचं सांगितलं तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून झोपले. जेवायला उठवलं तर म्हणाले, "त्याला फाटका मोजा दिला गं." एवढंच.

मग मीही सांगून टाकलं. म्हटलं, तुमचे मोजे माझ्याकडे नसते तर हे झालं नसतं. हे माझ्याकडे वळले. "वेडी का खुळी तू? हातमोजे हाताला घालतात. मी काय ते तोंडाला बांधणार होतो?" आणि मिशांतल्या मिशांत हसले. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, की इतक्या कोकरांच्या तोंडाला तोंड लावल्यावर हातमोज्यांनी फार काही टळलं नसतं. मला ते पटलं. पटलं म्हणजे दिवसा पटतं.

आम्ही घरी आलो. दोनेक आठवडे झाले असतील, मी सकाळी चहा दिला तर हे माझ्याकडे बघत राहिले.

"तुझ्या तोंडावर काय आलंय?"

मी गाल चाचपला. "कुठे काय?"

"मधोमध. काळं. पुसलंय तोंड." त्यांनी मान जराशी वळवली, कोंबडी बघते तशी तिरकी. "आता दिसलं. नाही, गेलं पुन्हा."

चहा तसाच राहिला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुलीत औषध घालून, अंधाऱ्या खोलीत उजेड पाडून तासभर बघितलं. मग कागदावर एक गोल काढला आणि त्याच्या बरोबर मधला भाग पेनने काळा केला. डोळ्याच्या पडद्यावर व्रण राहिलाय. कडेचं दिसेल. मधलं नाही. दोन्ही डोळ्यांत.

"मधलं म्हणजे?" हे म्हणाले.

"म्हणजे ज्याच्याकडे थेट बघाल ते."

"आणि हे कमी कधी होईल?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसून होतो, उठायचं असतं हेही लक्षात आलं नाही. बाहेरचा पेशंट आत डोकावून गेला. मरणातून वाचलो म्हणून ज्याने काही आठवड्यांपूर्वी हसून डबा खाल्ला, तोच माणूस आता आपला हात डोळ्यांसमोर धरून बोटं मोजत होता. पाचांतली तीन सापडत होती.

फार्मवर तोवर बैल गेला आणि झोपा केला अशी गत झाली होती. हातमोज्यांचे खोकेच्या खोके आले. तोंडाच्या पट्ट्या, एप्रन, बूट, शेडच्या दाराशी हात धुवायचा नळ. लोकरीच्या हौदावरही मोजे आले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी लागली. तिच्यातली पाचवी ओळ अशी: कोकराच्या तोंडाला तोंड लावू नये. नवीन माणसं ती वाचून हसायची, असं कोण करतं म्हणून.

साहेबांनी ह्यांना फाटकावर बसवलं. दगडापेक्षा वीट मऊ. हे स्वतःच सांगायचे, "बघा, ज्याला समोरचं दिसत नाही त्याला राखण दिलीय." गाडी आली की आवाजावरून ओळखायचे आणि दोरी ओढायचे. मेंढ्यांचा कळप बाहेर निघाला की मात्र उठून उभे राहायचे आणि मान तिरकी करून तो जाईपर्यंत तसेच.

विण्याच्या हंगामासाठी नवीन कळप आला, सगळा लस टोचलेला. आणि माणसं कमी. साहेब माझ्याकडे आले. "तुमचा हात लहान आहे. सुईणबाईंनी काही शिकवलं असेल." अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातली मी गाढव. मी हो म्हटलं. ह्यांना घरी सांगितलं तेव्हा ह्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली. मग म्हणाले, "नखं काप."

पहिल्या चार मेंढ्या आपल्या आपण व्याल्या. पाचवी अडली. सकाळचे दहा वाजले असतील. मी कोपरापर्यंत मोजा चढवला, हात आत घातला आणि मला काहीही कळेना. सगळं नुसतं गरम, बुळबुळीत आणि घट्ट. मेंढी कण्हत होती. हात आंधळा होतो म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. मी मोजा काढायला म्हणून दुसरा हात पुढे केला. आणि मग तो थांबवला आणि साहेबांना ओरडून सांगितलं, फाटकावरून ह्यांना आणा.

हे आले. दाराशी त्यांना एप्रन, पट्टी, मोजे, सगळं घालायला लावलं. माझ्या शेजारी गुडघे टेकून बसले आणि सवयीने डोळे मिटले.

"मी घालू हात?" हे म्हणाले.

"डॉक्टरांनी शेडमध्ये कामाला बंदी केलीय तुम्हाला. नुसतं सांगा."

त्यांनी माझं बाहेर असलेलं कोपर धरलं. मोज्यातल्या हाताने मोज्यातला हात.

"काय लागतंय?"

"पाय. एक."

"पुढचा का मागचा?"

"मला काय कळतंय!"

"कळतंय. घाई नको. खुरापासून वर ये. पहिला सांधा आला? वाकव. कुठं वाकला?"

"खाली."

"आता वर जा. दुसरा सांधा. तो कुठं वाकतो?"

मी बोट सरकवलं. रबराच्या आड काहीतरी टणक, गोल. वाकवलं. "तोही खालीच."

"दोन्ही एकाच बाजूला, म्हणजे पुढचा. बरं झालं. आता दुसरा पुढचा दुमडलाय, तो शोध. खूर मुठीत धर, नाहीतर तिला आत फाडेल. थांब गं बाई, तुझंच काम करतोय आम्ही." हे शेवटचं मेंढीला. का मला, सांगता येत नाही.

दुसरा पाय सापडला. मग नाक. मेंढीने जोर केला, ह्यांनी माझ्या कोपराला हलकेच मागे ओढलं, "आता," आणि कोकरू एकदम माझ्या मांडीवर घसरलं. ओलं, जड. आणि निपचित.

मी त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला. छाती हलत नव्हती. मी काहीच बोलले नव्हते, पण ह्यांना कळलं होतं. तीस वर्षं ऐकलेली शांतता ती. त्यांनी तोंडावरची पट्टी खाली ओढली, डोळे उघडले, आणि जे समोर आहे ते दिसत नसताना हाताने कोकराचं डोकं अचूक शोधलं आणि वाकले. गाल फुगवलेले होते.

मी त्यांच्या ओठांवर तळवा ठेवला. नारिंगी, ओला मोजा.

आम्ही दोघंही थांबलो. त्यांचं तोंड माझ्या हाताखाली होतं आणि मिशा थरथरत होत्या. मी म्हटलं, "नाही हो. नाही." त्यांनी झटका दिला नाही. हळूहळू मागे सरकून बसले. गाल मात्र तसेच फुगलेले, श्वास आतच धरलेला.

मी गोणपाट घेतलं आणि कोकराला चोळायला लागले. पाठ, छाती, पुन्हा पाठ. मागचे पाय धरून उलटं केलं. गवताची काडी घेतली आणि नाकपुडीत फिरवली. एकदा. दुसऱ्यांदा. काडी वाकली, दुसरी घेतली. हे मान तिरकी करून बसले होते, डोळ्यांच्या कडेने बघत, आणि चेहरा लाल होत चालला होता.

कोकरू शिंकलं. अगदी बारीक. मग डोकं हलवलं आणि बें म्हणण्याचा एक अर्धामुर्धा प्रयत्न केला.

"झालं," मी म्हटलं.

ह्यांनी मान हलवली. मग गालांत धरून ठेवलेली ती फुंकर त्यांनी सोडून दिली. जोरात नाही, हलकेच, मुठीएवढ्या फुप्फुसांना पुरेल एवढी. समोर कोणी नव्हतं.